काडी तीच, गंजी कुठली? दहशतवादाचं ‘समर्थन’ गुन्हा कधी ठरतं

२२ एप्रिल २०२५ ला पहलगामजवळच्या बैसरनमध्ये २६ माणसं मारली गेली. त्यातली सहा महाराष्ट्रातली: तिघे डोंबिवलीचे, दोघे पुण्याचे, एक पनवेलचे. त्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टँकरचा विषयसुद्धा कुणी काढला नाही. तिसऱ्या की चौथ्या दिवशी कुणीतरी एका अनोळखी पोराच्या पोस्टचा स्क्रीनशॉट टाकला. दोनच ओळी होत्या, पण मारेकऱ्यांचं कौतुक असल्यासारख्या. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी लगेच लिहिलं, “याला आत टाका आणि किल्ली खाडीत फेका.” त्यांचीच भाची वकिली करते. तिनं खाली विचारलं, “मामा, कुठल्या कलमाखाली?”

ग्रुप दोन तास शांत होता. आमच्या ग्रुपच्या मानानं हा विक्रमच.

भाचीचा प्रश्न आगाऊपणाचा वाटला तरी खरा आहे. एखादं बोलणं किळसवाणं असणं वेगळं आणि ते गुन्हा असणं वेगळं. या दोन्हींच्या मधली रेघ कुठं आहे, ती कुणी ओढली आणि पोलीस ठाण्यात पोचेपर्यंत ती कशी पुसट होते, ते जरा सावकाश पाहू.

‘समर्थन’ नावाची पिशवी

‘दहशतवादाचं समर्थन केल्याप्रकरणी गुन्हा दाखल’ हे वाक्य आपण बातम्यांत नेहमी वाचतो. त्यातला ‘समर्थन’ हा शब्द म्हणजे बाजाराची पिशवी आहे, आत काय काय कोंबलंय ते बाहेरून कळत नाही.

एक जण म्हणतो, हल्ला वाईटच, पण ही वेळ का आली याचाही विचार करा. दुसरा म्हणतो, त्या संघटनेची मागणी मला पटते, बंदूक पटत नाही. तिसरा म्हणतो, मेले ते बरंच झालं. चौथा मारेकऱ्याच्या फोटोखाली ‘वाघ’ लिहितो. पाचवा लिहितो, पोरांनो, आता तुमची पाळी, अमुक ठिकाणी जमा. सहावा काहीच लिहीत नाही, तो खोली भाड्यानं घेऊन देतो आणि सिमकार्ड पुरवतो.

पहिले दोघे मत मांडतायत. सहाव्याचा भाषणस्वातंत्र्याशी संबंधच नाही, तो थेट कटात आहे. पाचवाही सहसा सुटत नाही. खरा झगडा आहे तो तिसऱ्या आणि चौथ्यावरून. आणि आपल्याकडची गंमत अशी की संतापाच्या भरात आपण पहिल्या दोघांनाही त्याच गाडीत बसवतो.

घटना काय म्हणते

राज्यघटनेच्या कलम १९ नं प्रत्येक नागरिकाला बोलण्याचं स्वातंत्र्य दिलंय आणि त्याच कलमाच्या दुसऱ्या भागात सरकार त्यावर ‘वाजवी’ बंधनं कुठल्या कारणांसाठी घालू शकतं याची यादी आहे. देशाचं सार्वभौमत्व आणि अखंडता, राज्याची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, गुन्ह्याला चिथावणी ही त्यातली आपल्या कामाची कारणं. ही यादी पहिल्या दिवसापासून अशी नव्हती. ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ आणि ‘चिथावणी’ १९५१ मध्ये आली, त्याच दुरुस्तीत ‘वाजवी’ हा शब्दही आला. ‘अखंडता’ १९६३ मध्ये आली, जेव्हा दक्षिणेत वेगळ्या द्रविडनाडूची मागणी होत होती.

यादीत ‘लोकांच्या भावना’ नाहीत, ‘संताप’ही नाही. म्हणजे एखादी पोस्ट वाचून तुमचं-माझं रक्त उसळलं, एवढ्यावर कायद्याचं काम भागत नाही.

२०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे तीन पायऱ्यांत मांडलं: चर्चा, पुरस्कार, चिथावणी. एखाद्या गोष्टीची चर्चा करा, तिचा जोरदार पुरस्कार करा, तो कितीही लोकांना नकोसा असो, चालेल. चिथावणीच्या पायरीवर पाय ठेवलात की कायदा जागा होतो. याच निकालात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द झालं.

चिथावणी ओळखायची कशी? काडी आणि गंजी

गावाकडच्या माणसाला हे लगेच कळेल. वैशाखात कडब्याच्या गंजीशेजारी कुणी पेटती काडी टाकली तर अख्खा गाव धावतो. आषाढात चिखलात तीच काडी टाकली तर कुणी मान वळवूनही बघत नाही. काडी तीच, टाकणाऱ्याचा हेतूही कदाचित तोच. पण आग लागण्याची शक्यता वेगळी. न्यायालयांचं उदाहरण दारूगोळ्याच्या कोठारातल्या ठिणगीचं आहे. १९८९ च्या रंगराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की बोलणं आणि धोका यांचं नातं ठिणगी आणि कोठार यांच्याइतकं थेट हवं, दूरचं आणि ओढूनताणून आणलेलं नको.

याची सर्वांत कठीण परीक्षा झाली ती चंदीगडच्या नीलम थिएटरबाहेर. तारीख ३१ ऑक्टोबर १९८४. इंदिरा गांधींची हत्या होऊन काही तासच झालेले. अशा वेळी दोन सरकारी कर्मचाऱ्यांनी तिथं ‘खालिस्तान झिंदाबाद’च्या घोषणा दिल्या. खालच्या न्यायालयानं त्यांना राजद्रोहाखाली शिक्षा ठोठावली. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोघांनाही सोडलं. दोन माणसांनी एकदोनदा घोषणा दिल्या, कुणी साथ दिली नाही, काही घडलं नाही, पोलिसांनीच नको तितकी संवेदनशीलता दाखवली, असा निकालाचा सूर होता.

मला हा निकाल पटतो, पण सुखानं नाही. त्या रात्रीपासून दिल्लीत जे सुरू झालं ते पाहता त्या दिवसाइतकी सुकी गंजी देशात क्वचितच असेल. तरी न्यायालयानं ‘देशात काय वातावरण होतं’ हे न विचारता ‘त्या फुटपाथवर काय झालं’ हे विचारलं. फौजदारी कायदा असाच चालायला हवा, कारण वातावरणाचं खापर फोडायला कुठलंही डोकं चालतं.

मग यूएपीए कुठं येतो?

यूएपीए म्हणजे बेकायदेशीर कृत्यं प्रतिबंधक कायदा. मूळचा १९६७ चा. दहशतवादासंबंधीची प्रकरणं त्यात २००४ पासून भरत गेली. बोलण्याशी संबंधित अशी त्याची तीनचार कलमं लक्षात ठेवली तरी पुरे.

कलम १८ मध्ये दहशतवादी कृत्याला चिथावणी देणं आणि त्याचा पुरस्कार करणंही येतं. किमान पाच वर्षं, कमाल जन्मठेप. कलम ३८ बंदी घातलेल्या दहशतवादी संघटनेशी नातं सांगण्याबद्दल, ३९ तिला पाठिंबा देण्याबद्दल, म्हणजे तिच्यासाठी पाठिंबा मागणं, सभा भरवणं, सभेत भाषण करणं. दोन्हींत दहा वर्षांपर्यंत कैद. पण या दोन्हींत एक अट आहे जी बातमीत कधीच छापून येत नाही: संघटनेचं काम पुढं नेण्याचा हेतू असायला हवा. केरळमधल्या दोन विद्यार्थ्यांकडे माओवादी साहित्य सापडलं होतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या जामिनाच्या बाजूनं निकाल देताना हेच सांगितलं, नुसती जवळीक किंवा पाठिंबा पुरत नाही, हेतू दिसायला हवा.

उरलं कलम १३, आणि ते मला जास्त काळजीचं वाटतं. त्यात ‘बेकायदेशीर कृत्य’ येतं. त्याची व्याख्या इतकी ऐसपैस आहे की देशाच्या अखंडतेवर ‘प्रश्न उपस्थित करणारे’ बोललेले-लिहिलेले शब्दही तिच्यात मावतात. बॉम्ब नको, बंदूक नको, संघटनाही नको.

याच कलमाखाली बेंगळुरूत एक खटला चालला. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामात सीआरपीएफचे ४० जवान मारले गेले. त्यानंतर इंजिनिअरिंगच्या एका विद्यार्थ्यानं वेगवेगळ्या वृत्तवाहिन्यांच्या फेसबुक पोस्टखाली वीसेक कॉमेंट टाकल्या, हल्ल्याचा आनंद व्यक्त करणाऱ्या. तेव्हा तो १९ वर्षांचा होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये विशेष न्यायालयानं त्याला पाच वर्षांची शिक्षा दिली. तोवर त्यातली साडेतीन वर्षं त्याची तुरुंगात गेलीच होती.

काका म्हणतील, योग्यच झालं. मलाही त्या कॉमेंट वाचून मळमळलं असतं. पण काडी-गंजीच्या मापानं मोजा. वृत्तवाहिनीच्या पोस्टखाली हजारो शिव्याशापांत त्या वीसेक ओळी पडलेल्या. त्या वाचून कोण कुठं जाऊन काय करणार होतं? दुसऱ्या बाजूनं असंही म्हणता येईल की त्या आठवड्यात देशभर काश्मिरी विद्यार्थ्यांवर हल्ले होत होते, धार्मिक तेढ पेटायला एवढंही पुरलं असतं. मी स्वतः पहिल्या बाजूला झुकतो. शिक्षा असावी का यावर वाद घालता येईल, पण पाच वर्षं?

शिक्षेच्या आधीची शिक्षा

यूएपीएचा खरा दात कलम ४३ड(५) मध्ये आहे. साध्या गुन्ह्यात ‘जामीन हा नियम, तुरुंग हा अपवाद’ असं आपण ऐकतो. इथं उलट. आरोपपत्र वाचून न्यायाधीशाला आरोप सकृद्दर्शनी खरे वाटले की जामीन नाही. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या वटाली निकालानंतर जामिनाच्या टप्प्यावर पुरावा फार खोलात जाऊन तपासायचाही नाही.

दुकानदारानं सांगावं की वजनकाटा आत्ता तपासता येणार नाही, चिठ्ठीवर दोन किलो लिहिलंय ना, मग पैसे ठेवा, काटा पाच वर्षांनी बघू. तसं हे आहे.

भीमा-कोरेगाव प्रकरणात वर्नन गोन्साल्विस आणि अरुण फरेरा यांना सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२३ मध्ये जामीन दिला. हिंसेचा प्रचार करणारं साहित्य जवळ असणं म्हणजे दहशतवादी कृत्य नव्हे, असं न्यायालयानं त्यात म्हटलं. तत्त्व अगदी स्वच्छ आहे, पण ते कळायला दोघांची तुरुंगातली जवळपास पाच वर्षं गेली होती.

त्याच वर्षी मार्चमध्ये काटा उलटाही झुकला. बंदी असलेल्या संघटनेचा नुसता सदस्य असणं गुन्हा नाही, प्रत्यक्ष हिंसा किंवा चिथावणी हवी, असं २०११ मध्ये दोन न्यायमूर्तींनी म्हटलं होतं. २०२३ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठानं ते फिरवलं. आता सदस्यत्वही पुरतं. तेव्हा ‘कायदा काय सांगतो’ असं कुणी ठणकावून सांगत असेल, तर कुठल्या वर्षीचा कायदा ते आधी विचारा.

“पण उदोउदो केला की पुढची पोरं बिघडतातच ना?”

हा काकांचा सर्वांत वजनदार आक्षेप आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. कौतुकाच्या पोस्टनं उद्या बॉम्ब फुटत नाही, पण पाच वर्षांनी फुटू शकतो. गंजी एका दिवसात सुकत नाही, उन्हं खात खात सुकते.

युरोपनं हा युक्तिवाद मान्य केला. जुलै २००५ च्या लंडन बॉम्बस्फोटांनंतर ब्रिटननं २००६ मध्ये दहशतवादाच्या गौरवाला गुन्हा केलं, पण एक चाळणी लावली: ऐकणाऱ्याला ‘आपणही आज असंच करावं’ असा अर्थ लागायला हवा. फ्रान्सनं २०१४ मध्ये असा गौरव फौजदारी संहितेत घातला, इंटरनेटवर केला तर सात वर्षांपर्यंत कैद.

फ्रान्सचं एक प्रकरण मला फार बोलकं वाटतं. एका जुन्या सशस्त्र डाव्या गटाचा माजी सदस्य, खुनांसाठी दीर्घ तुरुंगवास भोगून आलेला, २०१६ मध्ये एका रेडिओ मुलाखतीत म्हणाला की पॅरिसचे हल्लेखोर शौर्यानं लढले. त्यांच्या विचारांना आपला विरोध आहे, हेही त्यानं त्याच मुलाखतीत सांगितलं. शिक्षा झाली अठरा महिने, त्यातले दहा स्थगित. २०२२ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं निकाल दिला: दोषी ठरवणं ठीक, पण तुरुंगवास अति झाला. गुन्हा आहे का आणि किती, हे दोन प्रश्न वेगळे काढणं आपल्याकडे फारसं घडत नाही.

आणि चाळणीची भोकं मोठी झाली की काय होतं तेही ब्रिटननंच दाखवलं. ‘पॅलेस्टाइन ॲक्शन’ या गटावर जुलै २०२५ मध्ये दहशतवादविरोधी कायद्याखाली बंदी आली. ऑगस्टमधल्या एकाच दिवशी लंडनमध्ये पाचशेहून जास्त लोकांना अटक झाली, बहुतेकांना हातात त्या गटाला पाठिंब्याचा फलक धरून बसल्याबद्दल. त्यात साठी-सत्तरी ओलांडलेले आजी-आजोबा बरेच होते.

“अमेरिकेत तर काहीही बोलता येतं”

जवळपास. १९६९ च्या ब्रँडनबर्ग खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं कू क्लक्स क्लॅन या वंशद्वेषी संघटनेच्या एका म्होरक्याची सुटका केली. बोलण्याचा रोख ताबडतोब बेकायदा कृत्य घडवण्यावर असेल आणि ते घडण्याची शक्यताही असेल, तरच शिक्षा. बेंगळुरूचा तो विद्यार्थी तिथं असता तर या मापानं त्याच्यावर खटला उभाही राहिला नसता.

पण तिथंही एक कुंपण आहे. श्रीलंकेतल्या तमिळांची एलटीटीई आणि कुर्दांची पीकेके या अमेरिकेनं दहशतवादी ठरवलेल्या संघटनांना शांततेच्या मार्गानं तक्रारी कशा मांडाव्यात याचं प्रशिक्षण देऊ पाहणाऱ्यांना २०१० मध्ये त्याच न्यायालयानं मज्जाव केला. तुम्ही एकट्यानं चौकात उभं राहून एलटीटीईचं गुणगान करा, हरकत नाही. तिच्याशी हातमिळवणी करून सल्ला द्यायला गेलात, तर तो सल्ला अहिंसेचा असला तरी गुन्हा. म्हणजे काय बोललात यापेक्षा कुणासोबत आणि कुणासाठी बोललात याला महत्त्व.

एक जुना मराठी खटला

३० एप्रिल १९०८. मुझफ्फरपूरला खुदिराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी टाकलेल्या बॉम्बमध्ये दोन इंग्रज स्त्रिया मारल्या गेल्या. लक्ष्य होता न्यायाधीश किंग्जफोर्ड, गाडी चुकली. टिळकांनी १२ मे च्या ‘केसरी’त ‘देशाचे दुर्दैव’ लिहिलं आणि ९ जूनला ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’. बॉम्ब वाईट, पण तो सरकारच्या दडपशाहीतून निपजला आणि आणखी दडपशाहीनं तो थांबणार नाही, हा त्यांचा मुद्दा. आपल्या यादीतला पहिला माणूस.

न्यायमूर्ती दावर यांना तो पहिला वाटला नाही, चौथा-पाचवा वाटला. हे लेख खुनांबद्दल पसंतीनं बोलतात, असे लेख लिहिणं योग्य वाटणारं मन रोगट असलं पाहिजे, असं ते निकालात म्हणाले. ज्युरी सात विरुद्ध दोन, शिक्षा सहा वर्षं, मंडाले. (हेच दावर १८९७ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे राहिले होते.)

टिळकांनी त्या खटल्यात तासन्‌तास एक मुद्दा लावून धरला, तो भाषांतराचा. लेख मराठीत, खटला इंग्रजीत, ज्युरीतल्या बहुतेकांना मराठी येत नाही. सरकारी भाषांतरानं शब्दांचा रोख बदलला, असं ते सांगत राहिले. आज काश्मिरीतल्या, उर्दूतल्या किंवा नुसत्या मीममधल्या पोस्टचा अर्थ ठाण्यातला अंमलदार लावतो, तेव्हा मला हा मुद्दा आठवतो.

इथं काका चिडणारच. “लोकमान्य कुठं आणि ही कार्टी कुठं!” तुलना माणसांची नाहीच. राज्य परकं होतं, आज ते आपलं आहे, हा फरक मोठा आहे. पण ‘कारण सांगणं म्हणजे समर्थन’ हे समीकरण मांडायची सवय राज्यकर्ते बदलले म्हणून सुटत नाही. जुलै २०२५ मध्ये आपल्या विधिमंडळानं जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं, त्यातही सुव्यवस्थेला धोका ठरणाऱ्या कृतीच्या व्याख्येत बोललेले आणि लिहिलेले शब्द आहेत.

आणि आपल्या हातातला फोन?

लाइक, शेअर, स्टेटस, इमोजी यांचं काय, हे बहुतेकांना खरं विचारायचं असतं. लाइक करणं म्हणजे प्रसारित करणं नव्हे, असं अलाहाबाद उच्च न्यायालयानं एप्रिल २०२५ मध्ये म्हटलं, शेअर करणं मात्र वेगळं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकानं ३७० कलम हटवल्याचा दिवस ‘काळा दिवस’ म्हणून आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला शुभेच्छा देणारा स्टेटस ठेवला. हातकणंगल्यात गुन्हा दाखल झाला, मुंबई उच्च न्यायालयानं तो रद्द केला नाही, सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२४ मध्ये केला. बोलण्याचा परिणाम मोजताना समजूतदार, खंबीर माणसाचं माप लावा, प्रत्येक टीकेत धोका पाहणाऱ्या दुबळ्या मनाचं नको, आणि आता पोलिसांनाही भाषणस्वातंत्र्य शिकवायची वेळ आली आहे, असं त्या निकालात आहे. उलट, ऑपरेशन सिंदूरच्या वेळी सोसायटीच्या ग्रुपवर हसरा इमोजी टाकणाऱ्या पुण्यातल्या एका बाईंवरचा गुन्हा रद्द करायला मुंबई उच्च न्यायालयानं २०२५ मध्ये नकार दिला.

यातून पक्का नियम काढू नका, तो नाही. एवढंच की न्यायालयात पोचेपर्यंत तुमच्या काडीभोवती गंजी आहे की चिखल, हे ठरवणारा पहिला माणूस ठाण्यात बसलेला असतो आणि त्याच्यावर बाहेर जमलेल्या जमावाचा दाब असतो.

काकांच्या भाचीनं शेवटी ग्रुपवर एकच बातमी टाकली, मे २०२५ ची. पुण्यात इंजिनिअरिंग शिकणाऱ्या १९ वर्षांच्या काश्मिरी मुलीनं ऑपरेशन सिंदूरबद्दलची कुणाची तरी पोस्ट पुढं ढकलली होती. धमक्या आल्यावर तिनं ती दोन तासांत काढली, माफीही मागितली. तरी अटक झाली, कॉलेजनंही काढून टाकलं. मुंबई उच्च न्यायालयानं सरकारला चांगलंच फैलावर घेतलं, तिला जामीन दिला आणि कॉलेजचा आदेश स्थगित केला.

काकांनी ती वाचली असावी, निळ्या खुणा दिसत होत्या. संध्याकाळी लिफ्टमध्ये मला म्हणाले, “पोरीचे पेपर होते म्हणे.” होते. ती येरवड्यातून बाहेर आली तेव्हा परीक्षा सुरू झालेली होती.